एक्केचाळीस दुसऱ्या पसंत्या

गुलटेकडी, पुणे
१३ मार्च १९८५

मिरज मुक्कामी असलेल्या माननीय बाळराव रिसबूड यांना इम्तियाज मोमीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

आपला गुडघा आता कसा आहे? गेल्या पत्रात आपण उजवा लिहिला होता आणि समासात वहिनींनी डावा लिहिला होता. जो असेल तो बरा असो. माझा रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरांनी कारण विचारलं, मी निवडणूक म्हणालो. त्यांना वाटलं विधानसभेची, म्हणून ते म्हणाले की ती तर होऊन गेली. आमच्या वसाहतीच्या वाचनालयाची निवडणूक त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. शकीला ठीक आहे. जरा जास्तच ठीक आहे, आणि मला झोप न लागण्याचं तेच कारण आहे. पण ते क्रमाने सांगतो. (क्रमाने सांगण्याची माझी सवय आपल्याला माहीत आहे. सत्तावीस वर्षं आपण दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून रेल्वे टपालाच्या खणांत पत्रं लावली. मधला खण सोडून पुढे गेल्याचं मला एकदाही आठवत नाही.)

आमचं वाचनालय आपण पाहिलेलं आहे. एक दिवाणखाना, नऊ कपाटं, आणि अकरा वर्षं तेच कार्याध्यक्ष, श्री. श्यामसुंदर आपटीकर. माणूस वाईट नाही. पण पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं तर "आपण वाचायला फार वेळ घेता, अक्षरं लावून वाचता का?" असं विचारणारा आहे. दरवर्षी त्यांच्याविरुद्ध तिघंजण उभे राहायचे आणि दरवर्षी आपटीकर निवडून यायचे. गेल्या वर्षी अठ्ठावन्न मतांपैकी त्यांना एकवीस मिळाली. म्हणजे सदतीस माणसांना ते नको होते, पण त्या सदतीसांना कोण हवं यावर तीन मतं होती, त्यामुळे ज्यांना ते हवे होते त्या एकवीसांचं चाललं.

यंदा वार्षिक सभेत सरोजिनीबाई पाठारे उभ्या राहिल्या. बाई कॉलेजात गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. नोकरीत असताना पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला त्यांना बसवलं होतं. त्या म्हणाल्या, तिथे शिक्का मारत नाहीत, आकडे लिहितात. सर्वांत पसंत उमेदवारापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, मग ३. निम्म्याहून जास्त पहिल्या पसंत्या कोणाला मिळाल्या तर तो निवडून आला, विषय संपला. नाही मिळाल्या, तर ज्याच्या सर्वांत कमी तो बाद करायचा, आणि त्याच्या मतपत्रिका उघडून त्यांवर २ ज्याच्यापुढे असेल त्याला त्या द्यायच्या. असं कोणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत करत राहायचं. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या समजल्याच्या नव्हत्या. मग बाई म्हणाल्या, "घरून यादी घेऊन दुकानात जाता ना? वांगी मिळाली तर वांगी घ्यायची. नसली तर भेंडी. तीही नसली तर दोडका. रिकाम्या हाताने परत यायचं नाही, एवढंच." मागून कोणीतरी विचारलं की वांगी आणि भेंडी दोन्ही असली तर? "तर भेंडीचं नाव काढायचं नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी ऐकलं होतं, बाळराव. ऐकलं होतं हे कबूल करतो. पण त्यातली भेंडी मी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

सभेने ही पद्धत मान्य केली आणि बाईंनाच निवडणूक अधिकारी नेमलं. उमेदवार चार झाले. पहिले आपटीकर, ज्यांना सगळं आहे तसंच हवं होतं. दुसरे सर्जेराव काटकर, मूळचे लोणी काळभोरचे, बस डेपोतून निवृत्त. त्यांना वाचनालयाच्या दिवाणखान्यात रंगीत टीव्ही हवा होता. (पुस्तकं कुठे ठेवायची, या प्रश्नावर त्यांचं उत्तर "टीव्हीखाली" असं होतं.) तिसऱ्या मुक्ताबाई शेलार, वाघोलीच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं एकच, की वाचनालय दुपारी दोन ते चार उघडं ठेवा. सध्याची वेळ सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. दोन्ही वेळा बायका चुलीशी असतात. त्यामुळे घरातल्या बाईने काय वाचायचं हे पिशवी घेऊन जाणारा पुरुष ठरवतो. ही गोष्ट मी ऐकली, मान हलवली, आणि हा दुसऱ्या घरांचा प्रश्न आहे असं समजून घरी आलो.

चौथा उमेदवार मी. मी का उभा राहिलो? मला लोकांनी उभं केलं. भाजी आणायला गेलो की कोणी ना कोणी थांबवून सांगायचं, "मोमीनसाहेब, आपल्यासारखा निर्विवाद माणूस हवा." निर्विवाद हा शब्द माणसाच्या डोक्यात रक्तदाबापेक्षा लवकर चढतो. अर्ज भरला आणि घरोघर फिरलो. जो तो म्हणाला, "पहिली पसंती अमुकला शब्द दिलाय हो, पण दुसरी तुम्हालाच. शंभर टक्के." मी वहीत नावं लिहिली. आठवडाभरात एक्केचाळीस दुसऱ्या पसंत्या जमल्या. इतक्या कोणाकडेच नव्हत्या. वही घेऊन मी सरोजिनीबाईंकडे गेलो. त्यांनी सगळी नावं शांतपणे वाचली आणि विचारलं, "आणि पहिल्या?"

"त्या बाकीच्या तिघांकडे आहेत," मी म्हणालो.

बाईंनी वही मिटून परत दिली आणि चहात साखर किती घालू ते विचारलं. निवडणूक अधिकारी असल्यामुळे त्यांना याहून जास्त बोलता येत नव्हतं, हे मला आता कळतं.

आता एक गोष्ट लिहितो ती आपल्यापाशीच ठेवावी. पसंत्या मागायला गेलं की समोरचाही मागतो. सर्जेरावांनी खडकवासल्याच्या सहलीत मला धरणाच्या भिंतीजवळ गाठलं (सहल त्यांच्या प्रचाराची होती, भेळ चांगली होती) आणि म्हणाले, "माझी माणसं दोन नंबर तुमास्नी देतील. तुमचा दोन नंबर मला. पक्कं हाय ना?" मी पक्कं म्हणालो. दोन दिवसांनी आपटीकरांनी तेच जरा शुद्ध भाषेत विचारलं. त्यांनाही हो म्हणालो. मुक्ताबाईंनी काही विचारलं नाही, पण जिन्यात भेटल्या तेव्हा शांतता फार झाली म्हणून मी आपणहून सांगितलं की माझी दुसरी पसंती तुम्हालाच. म्हणजे तिघांना शब्द दिला होता, आणि मतपत्रिकेवर २ हा आकडा एकदाच लिहिता येतो.

घरच्या मताबद्दल मी निर्धास्त होतो. तरी रिवाज म्हणून शकीलाला म्हणालो की रविवारी मत द्यायला यायचं आहे. (आमचं बोलणं हिंदीत झालं, आपल्याला मराठीत कळवतो.) ती कणीक मळत होती. "पसंतीनंच द्यायचं ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मग येते," म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात इतकं साधं संभाषण क्वचितच झालं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं.

तीन तारखेला मतदान झालं. नावं अकारविल्हे छापली होती: इम्तियाज, मुक्ताबाई, श्यामसुंदर, सर्जेराव. पडद्याआड जांभळ्या शाईचं पेन होतं. मी आत गेलो, माझ्यापुढे १ लिहिला, आणि पुढे काय झालं ते मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. काहीच झालं नाही, बाळराव. मी विचार केला नाही. तीन शब्द दिले होते, एकाचीही आठवण झाली नाही. हात खणाखणाने खाली उतरला आणि २, ३, ४ लिहून मोकळा झाला. प्रत्येक आकड्यापुढे टिंबही दिलं. (ते टिंब, ज्यावरून आपण मला सत्तावीस वर्षं चिडवलंत.) निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हाताला वाटलं की टपालच आहे.

एकसष्ट जणांनी मत दिलं. त्यातली दोन मतं बाद झाली. एकाने आपटीकर आणि सर्जेराव दोघांपुढेही १ लिहिला होता, भांडण नको म्हणून. दुसऱ्या सद्गृहस्थाने माझ्यापुढे २ लिहून बाकीचा कागद कोरा सोडला होता. शब्दाचा पक्का माणूस. उरली एकोणसाठ, जिंकायला हवीत तीस. पहिल्या पसंत्यांचे गठ्ठे लागले. आपटीकर बावीस, सर्जेराव सतरा, मुक्ताबाई सोळा, आणि इम्तियाज मोमीन चार.

मी म्हणालो, आता दुसऱ्या पसंत्या मोजा. सरोजिनीबाई म्हणाल्या, "मोजायच्या आहेत, मोमीनसाहेब. पण तुमच्या. सर्वांत कमी तुमची, म्हणून तुम्ही बाद." माझ्या एक्केचाळीस पसंत्या त्या तीन गठ्ठ्यांत निवांत पडून होत्या, आणि त्यांना उघडायचं तर आधी त्यांचे मालक बाद व्हायला हवे होते. त्यांच्याआधी मीच बाद झालो होतो. वांगी दुकानात होती आणि भेंडीचं नाव काढायचं नव्हतं. मी वही खिशात ठेवली आणि टेबलाकडे बघत उभा राहिलो. त्याच वेळी मुक्ताबाईंचा गठ्ठा सरळ करताना एक कागद बाहेर सरकला आणि त्यावरचा १ मला दिसला. खाली शेपटीला वळण घेतलेला, मोडलेल्या नथीसारखा १. दुधाच्या वहीत, धोब्याच्या वहीत, रोज तोच १ मी पाहतो. पत्रं लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला घरचं अक्षर कळत नाही असं होत नाही. मी तो कागद आत सरकवला, कारण बाकीचे गठ्ठे सरळ होते आणि तो वाकडा दिसत होता.

मग माझे चार कागद उघडले. पहिला गेला मुक्ताबाईंकडे. दुसरा आपटीकरांकडे. तिसरा पेपरवाल्या संपतचा असावा, त्यावर माझ्यापुढे १ आणि पुढे काही नाही, तो बाजूला ठेवला. आता सर्जेराव सतरा, मुक्ताबाई सतरा. दोघांतलं जे खाली राहील ते बाद होणार, आणि हातात एकच कागद. बाईंनी तो उचलला, चष्मा वर केला आणि थांबल्या. शेजारी उभ्या असलेल्या आपटीकरांनी वाकून कागद वाचला आणि म्हणाले, "आकड्यापुढे टिंबं आहेत. ही ओळखीची खूण झाली. मत बाद करा."

हे मत कोणाचं ते दिवाणखान्यात सगळ्यांना कळलं होतं. पेपर उशिरा आल्याची नोंदवही मीच लिहितो, त्यातही प्रत्येक आकड्यापुढे टिंब असतं. पण बाई म्हणाल्या, "ओळख कोणाला पटली? त्याने नाव सांगावं." कोणी बोलेना. आपटीकरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सर्जेराव मध्ये पडले. "कशाची खूण? टिंब म्हंजे टिंब. शाई ठिबकली असंल. गरीब माणसाचं मत असं वाया घालवता व्हय? मी हे चालू द्यायचा न्हाई." दहा मिनिटं ते त्या टिंबासाठी भांडले. बाळराव, माझ्या बाजूने आजवर इतक्या कळकळीने कोणी बोललं नव्हतं. शेवटी बाईंनी मत ग्राह्य धरलं. सर्जेरावांनी रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे बघून हसले. बाईंनी वाचलं, "दुसरी पसंती, मुक्ताबाई शेलार."

सर्जेराव हसतच राहिले. बातमी चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

मुक्ताबाई अठरा, सर्जेराव सतरा. सर्जेराव बाद. त्यांचे सतरा कागद उघडले तर नऊंवर दुसरी पसंती मलाच होती. लोकांनी शब्द पाळला होता, पण मी बाद झाल्यामुळे त्या ओलांडून तिसरी वाचावी लागली. त्या सतरातले अकरा मुक्ताबाईंकडे, पाच आपटीकरांकडे, एकावर पुढे काही नव्हतं. मुक्ताबाई एकोणतीस, आपटीकर अठ्ठावीस. आपटीकरांनी विचारलं, तीस कुठे झाले? बाईंनी सांगितलं की दोन कागदांची पसंती मध्येच संपली, उरले सत्तावन्न, त्यांत एकोणतीस म्हणजे निम्म्याहून जास्त. फेरमोजणी झाली. तेच आलं. मग आपटीकरांनी कपाटांच्या नऊ किल्ल्या एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि जे म्हणाले ते मला विसरता येत नाही. "अकरा वर्षं मी लोकांना नको होतो हे मला ठाऊक होतं. पण तुकड्यातुकड्यांनी नको होतो. बाईंनी ते तुकडे जोडले." मुक्ताबाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, पण जाताना दार आपटलं नाही.

घरी जाताना शकीला माझ्याशेजारून चालत होती. एरवी दोन पावलं मागे असते, पिशवी असते म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही दुसरी पसंती मुक्ताबाईंना दिलीत." मी हो म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. "मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि रात्रीच्या जेवणाला खिमा केला. दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतल्या बायका मला रस्ता देऊ लागल्या. मुक्ताबाईंनी सभेत सांगितलं की स्वतः हरत असताना ज्याने बहिणींच्या दुपारच्या वेळेचा विचार केला त्या मोमीनभाईंचे आभार. टाळ्या झाल्या. मी उभा राहून हात जोडले. काय करणार होतो?

परवा सोमवारी दुपारी पहिल्यांदा वाचनालय उघडलं. मी सोबत गेलो. बाळराव, बावीस वर्षं शकीलासाठी पुस्तकं मी आणतो. पहिल्या कपाटापासून सुरुवात केली आणि ओळीने पुढे गेलो. गेल्या महिन्यात चौथ्या कपाटात पोचलो होतो. तिने शिकारकथा वाचल्या, मधमाशापालन वाचलं, विहिरींची बांधणी वाचली. कधी तक्रार नाही. मला वाटायचं तिला आवडतात. परवा ती दारातून आत गेली आणि कुठेही न बघता सरळ नवव्या कपाटाशी गेली. कवितांचं कपाट. तिथे उभी राहिली, एक काढलं, वाचलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. चार वाजेपर्यंत एकही पुस्तक पसंत केलं नाही. मी बाकावर बसून होतो. येताना पिशवी रिकामी होती आणि तिने ती मला धरायला दिली नाही.

त्या दिवसापासून मला झोप येत नाही. कारण तिला वाटतं ते मी केलंच नाही. माझ्या हाताने केलं.

वहिनींना सलाम. मिरजेच्या हवेत आपल्याला आणि जो असेल त्या गुडघ्याला आराम पडो, ही इच्छा.

आपला,
इम्तियाज

ता. क. एक लहानसं काम होतं, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. आपण मला एक पोस्टकार्ड पाठवावं, ज्यात असं असेल की "दुसरी पसंती मुक्ताबाईंना देण्याचा आपला निर्णय कळला, योग्य केलंत." तारीख २५ फेब्रुवारी घालावी. मिरजेच्या कचेरीत आपला भाचा आहेच, शिक्क्याची तारीख तीन आठवडे मागे फिरवायला त्याला अर्धा मिनिट लागेल. सत्तावीस वर्षांत आपण दोघांनी एका पत्रावर चुकीची तारीख उमटू दिली नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच कोणाला संशय येणार नाही. टपाल उशिरा आलं असं मी सांगेन. त्यावर लोक लगेच विश्वास ठेवतात.

ता. क. २. वरचं काम करू नये. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तेव्हा शकीलाने पत्र हातातून घेतलं आणि चुलीशी उभी राहून सगळं वाचलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली की सरोजिनीबाई मतपत्रिकेवरची नावं चिठ्ठ्या टाकून लावणार होत्या, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन नावं अकारविल्हे लावा असं सांगणारी तीच. "तीस वर्षांत तुम्ही एकही फॉर्म मधून भरलेला मी पाहिला नाही. तुमच्यानंतर लगेच मुक्ताबाई याव्यात, एवढंच मला हवं होतं." मग त्या दिवशीचं 'मला वाटलं नव्हतं' कशाबद्दल, असं मी विचारलं. म्हणाली, तुमची दुसरी पसंती मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मी मग विचारलं की तिच्या मतपत्रिकेवर दुसरी पसंती कोणाला होती. तिने पाकिटाला डिंक लावायला घेतला आणि म्हणाली, "ती उघडायची वेळच आली नाही ना."